मोडीतला थिन क्लायंट : जुन्या संगणकविद्येची घरगुती शाळा

नागपूरहून सावनेरकडे जाणाऱ्या मार्गावर कोराडी लागते. महालक्ष्मी जगदंबेचे देवस्थान आणि औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या ही या गावाची दोन ओळखचिन्हे होत. या केंद्राचा १२० मेगावॅट क्षमतेचा पहिला संच १९७४ साली कार्यान्वित झाला. पुढील दशकभरात संचांची संख्या सातपर्यंत गेली आणि अलीकडे, २०१५ नंतर, ६६० मेगावॅटचे तीन नवे संच उभे राहिले. १२० मेगावॅटचे सुरुवातीचे संच यथाकाल निवृत्त झाले. परंतु २१० मेगावॅटचा सहावा संच मोडीत न काढता जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने नूतनीकरणासाठी निवडण्यात आला. यंत्र जुने झाले म्हणजे ते निकामी झालेच असे नव्हे. त्याला नवे काम नेमून देता येते का, हे आधी पाहावे लागते. हा धडा कोराडीने मोठ्या प्रमाणावर गिरवला. तोच धडा घरातील एका टेबलावर, अगदी अल्प खर्चात कसा गिरवता येतो, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

येथे ज्या यंत्राचा विचार करावयाचा आहे त्याचे नाव थिन क्लायंट. बँका, विमा कार्यालये, रुग्णालये आणि दूरध्वनी सेवा केंद्रे यांच्या टेबलांवर जाडजूड पुस्तकाएवढी काळी पेटी अनेकांनी पाहिली असेल. मुदत संपल्यावर अशा पेट्या शेकड्यांनी बाहेर पडतात आणि भंगारात जातात. जुन्या संगणकांवरील जुनी कामे पुन्हा जिवंत करण्याच्या छंदास रेट्रोकॉम्प्युटिंग असे म्हणतात. या छंदास ही पेटी विलक्षण उपयोगी पडते. हा केवळ रिकामपणाचा उद्योग आहे असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

थिन क्लायंट म्हणजे काय?

नेहमीच्या संगणकात गणना करणारा भाग, स्मृती आणि माहितीचा साठा हे सारे एकाच ठिकाणी असते. थिन क्लायंटची योजना वेगळी आहे. मुख्य काम दूरच्या सर्व्हरवर चालते. टेबलावरील पेटीने केवळ कळफलकावरील अक्षरे तिकडे पाठवावीत आणि तिकडून आलेले चित्र पडद्यावर दाखवावे, एवढीच अपेक्षा असते. मोठ्या संगणकास अनेक टर्मिनले जोडण्याची जी जुनी पद्धत होती, तिचाच हा सुधारलेला अवतार होय. या क्षेत्रातील प्रसिद्ध वायस ही कंपनी १९८१ मध्ये स्थापन झाली ती टर्मिनले बनविण्यासाठीच. पुढे ती थिन क्लायंटकडे वळली आणि २०१२ मध्ये डेल कंपनीने ती विकत घेतली.

मात्र या साध्या कामासाठी पेटीत बसविलेला प्रोसेसर बहुधा साध्या संगणकाच्याच जातीचा असे. वायसच्या एस मालिकेत ३६६ मेगाहर्ट्झ वेगाचा एएमडी जिओड प्रोसेसर होता. एचपीच्या टी ५७०० मालिकेतील काही यंत्रे १ गिगाहर्ट्झपर्यंत गेली होती. इतर अनेक यंत्रांत व्हीआयए कंपनीचा एडन प्रोसेसर आढळतो. आजच्या कामांसाठी ही शक्ती अपुरी आहे. परंतु १९८५ ते २००२ या काळातील डॉस आणि विंडोज ९८ वरील कामांसाठी ती पुरेशीच नव्हे, तर भरपूर आहे. त्या काळातील मूळ संगणक आता दुर्मिळ झाले असून त्यांच्या तबकड्या, पंखे आणि वीजपुरवठ्याचे भाग झिजलेले असतात. थिन क्लायंटमध्ये बहुधा पंखा नसतो, फिरणारी तबकडी नसते, आणि म्हणून झिजण्यासारखे फारसे काही नसते.

एका स्मरणिकेची गोष्ट

या छंदाचे महत्त्व प्रस्तुत लेखकास एका अनपेक्षित प्रसंगातून उमगले. कोराडी परिसरातील एका छोट्या वाचनालयाने २००१ मध्ये एक स्मरणिका काढली होती. वीज केंद्र उभे राहण्यापूर्वीचे गाव, तलाव, शेते आणि बांधकामाच्या काळातील मजुरांच्या वस्त्या यांच्या आठवणी वृद्ध ग्रामस्थांकडून ऐकून तीत लिहून घेतल्या होत्या. त्यांतील बहुतेक मंडळी आज हयात नाहीत. छापील प्रतींपैकी वाचनालयात उरलेल्या एकमेव प्रतीची अर्धी पाने वाळवीने खाल्ली. स्मरणिका जुळविणाऱ्या मुद्रकाने मात्र पाच फ्लॉपी जपून ठेवल्या होत्या.

नव्या संगणकास फ्लॉपी वाचक जोडून पाहिला. फायली दिसल्या, पण उघडल्या नाहीत. ज्या थोड्या उघडल्या त्यांत मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ होता. यात फ्लॉपीचा दोष नव्हता. कारण असे की, युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मराठी फॉन्टमध्ये अक्षरांना स्वतःच्या मनाप्रमाणे क्रमांक देत असे. एका फॉन्टमध्ये जो क्रमांक ‘क’ चा, तो दुसऱ्यात एखाद्या मात्रेचा. त्यावेळी इस्की नावाचे भारतीय मानक उपलब्ध होते. १९९१ मध्ये ते भारतीय मानक १३१९४ म्हणून प्रसिद्धही झाले. पण छपाईच्या कामात बहुतेकांनी आपापल्या कंपनीची फॉन्टप्रणालीच वापरली. शिवाय पानांची जुळणी पेजमेकर या कार्यक्रमात केलेली असे, आणि त्याची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये निघाल्यानंतर तो कार्यक्रमच बंद पडला.

अशा स्थितीत मजकूर ज्या यंत्रणेत जन्मला, तीच यंत्रणा पुन्हा उभी करणे हा सरळ मार्ग होता. नागपूरच्या जुन्या सामानाच्या बाजारातून सातशे रुपयांस एक थिन क्लायंट आणला. त्यावर विंडोज ९८ बसविले. मुद्रकाकडे पेजमेकरची आणि मराठी फॉन्टप्रणालीची मूळ सीडी होती. तिच्याबरोबर मिळालेले ‘लॉक’ही होते. त्या काळी मराठी सॉफ्टवेअरची नक्कल होऊ नये म्हणून संगणकाच्या पॅरलल पोर्टला हे लॉक जोडावे लागे. ते नसेल तर कार्यक्रम चालत नसे. आजच्या संगणकास पॅरलल पोर्टच नाही. सातशे रुपयांच्या त्या पेटीस मात्र तो होता.

पाचपैकी चार फ्लॉपींतील पाने पडद्यावर जशीच्या तशी उमटली. पाचवी फ्लॉपी वाचता आली नाही. तिच्यातील आठवणी गेल्या त्या गेल्याच. ती दोन वर्षे आधी वाचली असती तर कदाचित वाचली असती, ही रुखरुख कायम राहिली. उघडलेला मजकूर साध्या फाइलीत उतरवून, रूपांतरकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून, दोघांनी वाचून दुरुस्त केला. रूपांतरक जोडाक्षरांत आणि रफारात हमखास चुका करतो, तेव्हा मानवी तपासणीस पर्याय नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ही अडचण एका वाचनालयापुरती नाही. वारणा परिसरातील सुमारे सत्तर गावांत संगणक पोहोचविणारा प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक घराघरांत नेला. या काळात राज्यातील शाळांनी, सहकारी संस्थांनी, ग्रामपंचायतींनी आणि लहान मुद्रणालयांनी मराठीत जे टंकलिखित केले, त्यातील पुष्कळ मजकूर आजही कपाटातील फ्लॉपी आणि सीडींवर पडून आहे. कागदास वाळवी लागते हे आपणांस ठाऊक आहे. फ्लॉपीवरील चुंबकीय थर तिच्याहून निमूटपणे नष्ट होतो.

यंत्र निवडताना

बाजारात निरनिराळे थिन क्लायंट मिळतात. ते सारेच या कामास योग्य नसतात. निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट प्रोसेसरची. काही थिन क्लायंटमध्ये भ्रमणध्वनीच्या जातीचा, म्हणजे एआरएम प्रोसेसर असतो. त्यावर डॉस किंवा विंडोज ९८ चालत नाही. जिओड, एडन अथवा क्रुसो यांपैकी नाव आढळल्यास यंत्र घेण्यास हरकत नाही.

दुसरी गोष्ट जोडण्यांची. जुना गोल कळफलक, सीरियल पोर्ट आणि पॅरलल पोर्ट असलेले यंत्र अधिक मोलाचे समजावे.

तिसरी गोष्ट अडॅप्टरची. पेटी आणि अडॅप्टर वेगळे झालेले असतात आणि विक्रेता हाती येईल तो अडॅप्टर देतो. काही यंत्रांना १२ व्होल्ट लागतात, तर काहींना त्याहून कमी किंवा जास्त. पेटीच्या तळाशी छापलेला आकडा आणि अडॅप्टरवरील आकडा जुळल्याखेरीज वीज देऊ नये.

चौथी गोष्ट साठ्याची. या पेट्यांत बहुधा थोडाच फ्लॅश साठा असतो. ज्यांच्या आत ४४ टाचण्यांची आयडीई जोडणी असते, त्यांत स्वस्त अडॅप्टरच्या साहाय्याने कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसविता येते व तेच तबकडीचे काम करते.

पाचवी गोष्ट ध्वनीची. जुने डॉस खेळ आणि शैक्षणिक कार्यक्रम साउंड ब्लास्टर या ध्वनिकार्डाची अपेक्षा धरतात. ते अगदी मोजक्या थिन क्लायंटांत अंगभूत असते. इतरांसाठी एसबीईएमयू नावाचा विनामूल्य कार्यक्रम आता उपलब्ध झाला असून तो पुष्कळ यंत्रांवर ही उणीव भरून काढतो.

प्रत्यक्ष मांडणी

यंत्र घरी आणल्यावर प्रथम झाकण काढून मऊ ब्रशाने धूळ झाडावी. मुख्य फलकावरील नाण्याएवढी बॅटरी बहुधा संपलेली असते, ती बदलावी. बॅटरी संपली असता यंत्र तारीख विसरते आणि दर वेळी सुरू होताना अडखळते. नवख्या माणसास यंत्रच बिघडले असे वाटते, परंतु दोष वीस-तीस रुपयांच्या बॅटरीत असतो.

यानंतर बायोसमध्ये जाऊन यूएसबीवरून सुरुवात करण्याची सूचना द्यावी. कार्यालयीन यंत्रांना येथे परवलीचा शब्द घातलेला असतो. वायसच्या अनेक यंत्रांत कारखान्यातून ‘फायरपोर्ट’ हा शब्द दिलेला असून त्याचे पहिले रोमन अक्षर मोठे लिहावयाचे असते.

चालक प्रणाली म्हणून आरंभी फ्रीडॉस वापरणे इष्ट होय. मायक्रोसॉफ्ट आपले डॉस बंद करणार असे दिसू लागताच जिम हॉल या विद्यार्थ्याने १९९४ मध्ये हा प्रकल्प आरंभिला, त्याची १.३ ही आवृत्ती २०२२ मध्ये आली. तो विनामूल्य आणि कायदेशीर आहे. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या डॉसच्या काही जुन्या आवृत्त्यांची मूळ संहिता अभ्यासकांसाठी खुली केली असून २०२४ मध्ये त्यांत ४.० या आवृत्तीची भर पडली. विंडोज ९८ हवे असेल तर मूळ परवाना असलेली प्रतच वापरावी. त्याबाबत दोन सूचना देणे आवश्यक आहे. ५१२ मेगाबाइटांहून अधिक स्मृती असल्यास ते गडबडते. आणि त्याची सुरक्षा दुरुस्ती २००६ पासून बंद असल्याने असे यंत्र इंटरनेटला कदापि जोडू नये.

काही जुने कार्यक्रम या यंत्रावर अतिवेगामुळे बंद पडतात, हे वाचून वाचकांस नवल वाटेल. टर्बो पास्कलमध्ये रचलेले अनेक कार्यक्रम सुरू होताच ‘२०० क्रमांकाची चूक’ असा संदेश देऊन थांबतात. यंत्राचा वेग मोजणारा त्यांतील भाग जलद प्रोसेसरवर चुकीचा भागाकार करतो, हे त्याचे कारण. यावर दुरुस्तीचे छोटे कार्यक्रम आहेत. तसेच व्हीआयएच्या काही प्रोसेसरांचा वेग सेटमल नावाच्या साधनाने बराच खाली आणता येतो.

या यंत्राची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. भारतीय लिप्यांसाठी पूर्वी जिस्ट कार्ड वापरले जाई. आयआयटी कानपूर येथे आकारास आलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने सर्वत्र पोहोचविलेले हे कार्ड बसविण्यास थिन क्लायंटमध्ये जागा नसते. तथापि जिस्टवरील मजकूर पुष्कळदा इस्की मानकात असल्याने, त्या फायली कार्डाशिवायही युनिकोडमध्ये आणता येतात.

विजेचा हिशेब

कोराडीच्या रहिवाशास विजेचा हिशेब सांगणे न लगे. तरीही तो मांडणे उद्बोधक ठरेल. जुना डेस्कटॉप संगणक आणि त्याचा काचेच्या नळीचा मॉनिटर मिळून सुमारे १५० वॅट वीज घेतात. रोज चार तासांप्रमाणे महिन्यास १८ युनिट होतात. थिन क्लायंट आणि लहान एलईडी मॉनिटर मिळून सुमारे ४० वॅट धरले, तर महिन्याचे पाच युनिटही होत नाहीत. एका युनिटामागे केंद्रात सुमारे ६५० ग्रॅम कोळसा जळतो असे धरल्यास, एका टेबलामागे महिना आठ-नऊ किलो कोळसा वाचतो. दहा यंत्रांच्या शाळेतील खोलीत हा फरक देयकावर दिसून येतो आणि भारनियमनाच्या वेळी लहान इन्व्हर्टरही पुरतो.

विदर्भातील उन्हाळ्याविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. पंखा नसल्याने धूळ आत ओढली जात नाही, हा लाभ खरा. पण पारा ४५ अंशांवर गेला असता बंद कपाटात ठेवलेली पेटी तापून थांबते. ती उभी, मोकळ्या हवेत आणि भिंतीपासून दूर ठेवावी.

शाळेसाठी उपयोग

केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या नावाने शालेय संगणक साक्षरतेचा कार्यक्रम सुरू केला होता. त्यात बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक निवडक शाळांना देण्यात आले. त्या यंत्राची स्मृती ३२ किलोबाइट होती. २५६ मेगाबाइट स्मृतीचा मोडीतला थिन क्लायंट त्याच्या ८,१९२ पट मोठा आहे. आणि अनुकारक कार्यक्रमाच्या साहाय्याने तो बीबीसी मायक्रोचे सोंगही हुबेहूब वठवितो.

आजच्या भ्रमणध्वनीत सारे काही काचेमागे झाकलेले असते. विद्यार्थी ते वापरतो, पण आत काय चालले आहे हे त्यास दिसत नाही. डॉसच्या काळ्या पडद्यावर मात्र आज्ञा दिल्याखेरीज काहीच घडत नाही. फाइल कोठे आहे, तिला किती जागा लागली, यंत्र सुरू होताना कोणत्या दोन फायली वाचते, हे विद्यार्थ्यास स्वतः पाहता आणि बदलता येते. बेसिकमध्ये तीन ओळींत पाढा लिहिणे, लोगोमधील कासवाकडून चौकोन काढून घेणे, असे धडे आठवी-नववीच्या वर्गास सहज झेपतात. काही चुकले तर कार्ड पुन्हा भरले की यंत्र पूर्ववत होते. बिघडण्याची भीती नसलेले यंत्र हे उत्तम शैक्षणिक साधन होय.

कार्यालयांनी घ्यावयाची दक्षता

हा लेख वाचून एखादा उत्साही कर्मचारी कार्यालयातील पडीक थिन क्लायंट परस्पर घरी नेईल, तर ते सर्वथा गैर ठरेल. शासकीय यंत्र जडवस्तू नोंदवहीत नोंदलेले असते. विहित रीतीने निर्लेखन झाल्याखेरीज ते कोणासही देता येत नाही. त्याचप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या वापरकर्त्यांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणकर्ता अथवा पुनर्चक्रणकर्ता यांच्याकडेच सोपविला पाहिजे. छंदासाठी यंत्र हवे असेल तर ते पावतीसह विकत घ्यावे.

यापेक्षा महत्त्वाची दक्षता दुसरी आहे. संगणक निर्लेखित करताना आपण यंत्राची किंमत पाहतो, त्याच्या पोटातील मजकुराची पाहत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव करण्यापूर्वी जुन्या फ्लॉपी, सीडी, सॉफ्टवेअरची मूळ प्रत आणि त्याचे लॉक कोठे आहे, याची यादी करावी. किल्ली फेकून कुलूप जपण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने अशी यादी केली आणि परिसरातील एका जाणकाराच्या टेबलावर एक चालते यंत्र असले, तर पुष्कळ काम होऊ शकेल.

समारोप

थोडक्यात, एका साडीच्या किमतीहूनही कमी खर्चात येणारी ही पेटी तीन कामे करते. ती संभाव्य ई-कचऱ्यातील एक वस्तू वापरात ठेवते, मुलांना संगणकाच्या अंतरंगाची ओळख करून देते, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकावर लिहिली गेलेली मराठी पुन्हा वाचनीय करते. पहिल्या दोन कामांसाठी थोडा विलंब चालू शकेल. तिसऱ्यासाठी तो चालणार नाही. आपल्या गावातील वाचनालयाचे, शाळेचे किंवा मुद्रणालयाचे कपाट उघडून त्यात फ्लॉपी आहेत काय, एवढे जरी वाचकांनी या महिन्यात पाहिले, तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.